गॅप

अकरा महिने झाले की आम्ही एक दिवस नसतो.
रजिस्टरात त्या तारखेपुढे आडवी रेघ,
दुसऱ्या दिवशी नवा नंबर, जुनंच मशीन,
आणि गेटवरचा वॉचमन विचारतो, नवीन का?
मी म्हणतो, हो. सात वर्षांपासून.

जळगावची चटई अख्ख्या देशात अंथरतात म्हणे.
आमच्या घरातली रिजेक्ट मालातली,
मोराची मान एका बाजूला सरकलेली.
तिच्यावरच बसून योगिता सात तारखेला
नोटा लावते: गाडीचा हप्ता, बचतगट, पोरीची व्हॅन.
एखादी उरलीच तर मोजत नाही,
ब्लाउजपीसखाली सरकवते, दृष्ट लागू नये म्हणून.

भटू सुरतहून फोन करतो, दाजी, इथं दीडपट.
"सुरतले काय ठेयेल शे?" ती म्हणते,
आणि पॅसेंजरची वेळही तीच विचारून ठेवते.

राजीनामा मी दिवाळीतच लिहिला होता,
बोनसऐवजी सोनपापडीचा डबा मिळाला त्या रात्री.
पगाराच्या स्लिपमागे, अक्षर चांगलं काढून:
घरगुती अडचणीमुळे.
(कारखान्यातल्या अडचणीमुळे, असं कुणी लिहीत नाही.)
शर्ट बदलला की कागद त्या खिशातून या खिशात.
मे महिन्यात, दाणा वितळवणाऱ्या मशीनपुढे,
घामानं "नम्र विनंती" पुसट झाली.
"अडचणीमुळे" मात्र तसंच, निळंशार.

काल गॅपचा दिवस होता. आज ठरवून गेलो.
फिरके सुपरवायझर पत्र्याच्या केबिनमध्ये,
पंखा बंद, डबा न उघडलेला.
बावीस वर्षं. पर्मनंट. ज्यांच्याकडे बघून
आम्ही थांबलो, त्यांतला शेवटचा.
म्हणाले, बस. तुझं अक्षर बरं आहे ना?
मालक म्हणतात, तुम्हीच लिहून द्या, मान राहील.
पोराला अजून सांगितलं नाही.
राजीनाम्यात नक्की काय लिहितात रे?

मी खिशात हात घातला.
कागद उलगडून टेबलावर ठेवला.
नाव तेवढं बदला, म्हणालो.

त्यांनी सावकाश वाचला, चष्मा वर करून.
पुसट जागेवर बोट ठेवून विचारलं,
इथं काय होतं?

मला आठवेना.

बाहेर कुणीतरी हाक मारत होतं,
चार नंबरवर धागा तुटलाय म्हणून.
चार नंबर माझं नव्हतं.
तरी गेलो.