सातवा तास

सातवा तास. वेळापत्रकात त्याचं नाव ‘मन’.
गणित, मन, मग सुटी.

बोरस्ते मॅडम सांगतात, डोळे मिटा,
श्वास येतोय, श्वास जातोय, नुसतं बघा.
मी बघायला लागले
की तो चोरी पकडली गेल्यासारखा दचकतो,
कुठून आत यायचं तेच विसरतो.
मागच्या बाकावर हर्षाली फिस्सकन हसते.
त्र्यंबक रोडवर ट्रक गिअर बदलतो
आणि मिटल्या डोळ्यांना ट्रकच जास्त नीट दिसतो.

शेवटी वहीत लिहायचं : आज मनात काय होतं?
मी लिहिलं, ‘काही नाही.’
मॅडमनी बरोबरची खूण केली नाही, चुकीचीही नाही.
पेन्सिलीनं एक टिंब ठेवलं फक्त.

काही नाही म्हणजे
चाचणीत एकशेऐंशीपैकी एकसष्ट,
मला वगळून झालेला तेजलचा वाढदिवस
(फोटो मी सात वेळा मोठा करून पाहिला),
आरशातली हनुवटी,
आणि रात्री दोनला
छातीत असं काहीतरी, जे दुखत नाही
पण बंदही होत नाही,
फ्रीजसारखं.

पप्पा अंबडला, सेकंड शिफ्ट.
बाराला येतात, भाजी गरम करतात, दिवा लावत नाहीत.
परवा मी भिंतीला टेकून बसलेली दिसले.
काय झालं, असं विचारलं नाही त्यांनी.
ताट घेऊन शेजारी बसले
आणि घास गिळून म्हणाले,
मशीन बिघडतंय असं वाटलं ना
की लगेच बंद नाही करत आम्ही.
लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा,
टोक बेअरिंगवर, मूठ कानाला.
अख्खी शेड गर्जत असते, गर्जू दे.
आपण तेवढ्याच जागेचं ऐकायचं.
खरखर असेल तर खरखर म्हणायचं,
शिट्टी असेल तर शिट्टी.
नाव द्यायचं, बेटा. नावं ठेवायची नाहीत.

मग दुरुस्त होतं?

कधी नुसतं ग्रीस पुरतं.
कधी मेंटेनन्सवाल्याला बोलवावंच लागतं, त्यात लाज कसली.
कधी एवढंच कळतं की अजून चालेल.

मग ताट धुतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला,
कूलंटचा वास येणारा, ओला.

आज सातव्या तासाला मी श्वासाच्या मागे लागले नाही.
वहीत लिहिलं :
‘खरखर. डाव्या बाजूला. बाहेर ट्रक, दोन.’
टिंबाच्या जागी आज अक्षर होतं :
‘मधल्या सुटीत ये. खोली नऊ. डबा घेऊन आलीस तरी चालेल.’

घरी जाताना बसच्या खिडकीला डोकं टेकलं
तर अख्खं इंजिन दातांत ऐकू यायला लागलं.
पपया नर्सरीच्या सिग्नलला हर्षाली म्हणाली,
काय ऐकतेस गं एवढं?
मी स्क्रू ड्रायव्हरचं सांगितलं.
आता ही फिस्सकन हसणार, म्हणून थांबले.

सिग्नल सुटला. तिनंही काचेला कान लावला
आणि बऱ्याच वेळानं म्हणाली,
माझ्यात शिट्टी आहे.