यायलंय

सेलूच्या शाळेत नऊ कॉम्प्युटर,
चालतात पाच.
सहाव्याचा पंखा काढून सातव्याला लावला
तेव्हापासून दोघंही गप्प.

मी लिनक्स आणलं परभणीहून,
शर्टाच्या खिशात, पेन ड्राइव्हवर,
एसटीचं तिकीट आणि चिल्लर यांच्या मधे.
फुकट म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं,
चोरीचं तर नाही ना?
नाही सर, ज्यांनी केलं त्यांनीच दिलंय.
उघडा, बघा, बदला, दुसऱ्याला द्या,
असं लिहूनसुद्धा दिलंय.
लिहून दिलंय? मग त्याची एक झेरॉक्स
फाइलला लावा.

आठवीच्या पोरी पाच मशिनांवर वाटून बसल्या,
एका खुर्चीवर दोघी.
चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडताना
पडद्यावर एक ओळ आली, मराठीत:
प्रक्रिया कार्यान्वित होत आहे, कृपया प्रतीक्षा करावी.
द्वारकानं ती बोट ठेवून वाचली,
'कार्यान्वित'वर दोनदा अडखळली,
आणि म्हणाली, सर,
हे कामून असं बोलायलंय?
तहसीलातून आलंय का?

त्या रात्री भाषांतराची फाइल उघडली.
वर इंग्रजी, खाली मराठी,
वर इंग्रजी, खाली मराठी,
चारशे बारा जोड्या.
काहींच्या खाली नुसती अवतरणचिन्हं,
उघडलेली, मिटलेली,
मधे कुणी नाही.
सगळ्यात वर भाषांतरकाराचं नाव:
इलियास बागवान, मानवत.

मानवत!
मला वाटायचं, असली नावं
फिनलंडात राहतात, नाहीतर बंगळुरात.
हा तर शेजारचा तालुका.

इथं एक बरं असतं.
कुणी काही खोडलं तरी
खोडलेलं जागेवर राहतं,
तारखेसकट, खोडणाऱ्याच्या नावासकट.
मागं मागं गेलो.
बारा वर्षांपूर्वी त्या ओळीच्या जागी
एकच शब्द होता:
यायलंय.
मग लाल वजाबाकी, हिरवी बेरीज,
आणि शेरा: बोलीभाषा. प्रमाण करावे.

मोटार सुरू करून
पाइपाच्या तोंडाशी बसलेला माणूस हेच म्हणतो.
आठव्या दिवशी नळ खुरखुरला
की रांगेतल्या घागरी हेच म्हणतात.
कृपया प्रतीक्षा करावी
असं आमच्याकडं पाणीसुद्धा म्हणत नाही.

नंबर मिळाला, फोन लावला.
इलियासभाई आता जळक्या मोटारी भरून देतात.
"हाव, मीच तो.
तव्हा कॅफेत बसायचो, तासाला वीस रुपये.
शेरा वाचला अन् परत गेलोच नाही.
राग नाही ओ.
मोटारीला कुणी प्रमाण इचारत नाही,
फिरली की झालं."
मग तार गुंडाळल्याचा आवाज.
मग, "तो शबूद हाय का अजून?"
आहे म्हटलं. लाल आहे,
पण आहे.

मी तो पुन्हा पाठवला.
दोन नावं लावली, त्यांचं आधी.
शेऱ्यात लिहिलं: बोलीभाषाच. राहू द्यावी.
सतरा दिवस झाले.
तपासणी बाकी.

पण मूळ मजकूर आमच्याकडंही आहे,
मपला तोच तुपला,
तेव्हा पाच मशिनांपुरतं मीच बांधायला घेतलं,
साडेचारला लाइट जायच्या आत.
पहिल्यांदा फसलं: एक अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं.
दुसऱ्यांदा माझीच घाई.
तिसऱ्यांदा, चार वाजून बावीस मिनिटांनी,
काहीच तक्रार न करता झालं,
आणि मला वाटलं आता काहीतरी बिघडलंय.

शनिवारी द्वारकानं चित्र उघडलं.
ओळ आली.
तिनं बोट ठेवलं नाही, वाचली नाही,
शेजारच्या पोरीला कोपरानं सारलं,
"थांब की, यायलंय."

रात्री मानवतहून मेसेज:
त्या रिकाम्या वळी किती हाईत म्हणलात?

मोजल्या.
त्रेसष्ट.