निरंक

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात
गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला फळा:
अपघाताविना दिवस, सातशे त्रेचाळीस.
रोज सकाळी खडूनं मीच वाढवायचो एक,
चहा निवायच्या आत.

सेफ्टी रजिस्टरही माझ्याकडंच.
तारीख, पाळी, आणि पुढं एक शब्द,
इतका वळणी पडलेला
की न बघता उमटायचा:
निरंक.

शंभर दिवसांना प्रत्येकी स्टीलचा डबा,
पाचशेला श्रीखंडपुरी
आणि हेड ऑफिसच्या साहेबांसोबत फोटो.
एकाच्या बोटापायी
दोनशे माणसांची श्रीखंडपुरी कोण घालवणार?

सुकांत बेहेराच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं
चार नंबर प्रेसनं घेतली, त्या रात्री
भोईर सुपरवायझरनं त्याला स्वतःच्या बाइकवरून
दिघ्याच्या डॉक्टरकडं नेलं.
हजेरीपटावर रजा लागली, घरगुती कारण.
सकाळी मी फळ्यावर एक वाढवला.
रजिस्टरात काय लिहिलं ते सांगायला नको.

मग कुलथेबाई आल्या, प्लांट हेड म्हणून.
चण लहान, हेल्मेट सारखं भुवयांवर यायचं.
आम्ही नारळ आणून ठेवलेला, फळ्यासमोर फोटो काढायला.
त्यांनी मागितलं स्टोअरचं खातं.
कापूस, पट्ट्या, भाजल्यावरचं मलम,
वर्षात किती उचललं?
कडू स्टोअरकीपर ओळीवर बोट ठेवून वाचत गेला.
पट्ट्या चौदाशे. मलमाच्या नळ्या एकशे साठ.
बाईंनी माझं रजिस्टर त्या खात्याशेजारी ठेवलं
आणि काहीच बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं त्यांनीच फळा पुसला.
शून्यसुद्धा लिहिलं नाही.
ज्याला लागलं, ज्याचं थोडक्यात निभावलं,
त्यानं पेटीत चिठ्ठी टाकायची.
नाव नको. जागा आणि वेळ.

आठवड्यात तीन चिठ्ठ्या.
त्यातली एक कँटीनच्या पाणचट डाळीबद्दल.
बाईंनी आधी डाळ सुधारली.
मग चिठ्ठ्या आल्या.

नकाशावर खुणा करायला पिना नव्हत्या,
म्हणून त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं.
एक इजा, एक टिकली.
महिनाभरात चार नंबर प्रेसच्या कपाळावर
जागाच उरली नाही.
वेळ बहुतेक एकच: पहाटे साडेतीन ते साडेचार.

त्या वेळी बाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, मी मागं.
दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, तर प्रेस खाली येते.
एक बटण लाकडी पाचरीनं कायमचं दाबलेलं,
मोकळा हात साच्यात.
पाचर हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली.
भोईर खाली बघत होता.
मला वाटलं, विचारतील, कुणाची ही.
त्यांनी विचारलं, "घाई कशाची आहे?"
"सहाची गाडी, मॅडम. चाकणला माल."
"उद्यापासून गाडी आठला निघेल," म्हणाल्या,
आणि पाचर काढून ओढणीच्या टोकात बांधली.

तिमाहीला हेड ऑफिसचा फोन.
एकशे अकरा? काय चाललंय तिकडं?
"हो, एकशे अकरा. अजून वाढतील."
पलीकडचा आवाज बराच वेळ चढा होता.
बाई टेबलावर ती पाचर
भोवऱ्यासारखी फिरवत होत्या.

त्या संध्याकाळी मी जुनं रजिस्टर उघडलं.
गिरवायचं नाही, आडवी रेघ मारून बाजूला सही करायची
असा नियम आहे.
रेघ मारली. लिहिलं: बेहेरा सुकांत, दोन पेरं.
सही माझी वाटेना.
त्याचा फोन लागत नाही.
कुणी म्हणतं गंजामला गेला, कुणी म्हणतं सुरत.

अकरा वर्षांची पानं बाकी आहेत.
कडूचं खातं शेजारी घेऊन
रोज दोन-चार होतात.
हात अजून सवयीनं 'नि' काढतो,
आणि थांबतो.