ताण किती ठेवू?

पहाटे साडेपाचला क्लबचं फाटक उघडलं, तेव्हा
नासारेना पायरीवर बसलेली.
मांडीवर दोन रॅकेट,
आजारी कोंबडी घेऊन बसावं तशा.
नदीवरचं धुकं अजून कोर्टावर रेंगाळलेलं,
विटांची लाल भुकटी ओलसर,
आणि तिच्यावरून जाळी ओढत चाललेली फेर्मिना,
बैलांवाचून कुळवणाऱ्या बाईसारखी, न बोलता.

रात्री तीन निरोप आले होते.
चोवीस किलो.
नको, तेवीस.
एव्हारिस्तो, जागा आहेस का? पंचवीस करशील?
जागाच होतो. उत्तर दिलं नाही.
एकतीस वर्षं तारा ओढतोय मी.
माणसं आकडा सांगतात रॅकेटचा,
असतो तो पोटातल्या गोळ्याचा.

"ताण किती ठेवू?"
"काल मला जेवण गेलं नाही," ती म्हणाली.
बरं, म्हटलं. म्हणजे चोवीस.

दहाला मॅच. समोर रोसारियोची पोरगी,
सगळ्यांशी हसून बोलणारी,
कानात गाणी घालून दोरीवरच्या उड्या मारणारी.
"तिला काहीच होत नसेल ना रे?"
तीच पोरगी काल संध्याकाळी माझ्याकडे
तिसऱ्यांदा ग्रिप बदलायला आली होती.
बोललो नाही.
न्हाव्याला, डॉक्टरला आणि मला
तोंड मिटून ठेवावं लागतं.

सल्ले मला येत नाहीत.
खोल श्वास घे, चार आकडे मोज,
चेंडूकडे बघ, आईकडे बघू नकोस,
असं सगळं तिच्या कोचने कागदावर लिहून दिलेलं.
तो कागद तिने इतक्यांदा दुमडला होता
की 'श्वास' नेमका घडीवर फाटला होता.

उभ्या तारा मी ओढून घेतल्या. यंत्र कण्हलं.
मग आडव्या तारेचं टोक तिच्या हातात दिलं.
एक वरून, एक खालून.
चुकलीस तर उसवू.
बोटं अशी थरथरत होती
की तार चिमटीतून निसटायची, भोकाशी येऊन.
एक वरून, एक खालून.
सहाव्या ओळीला चुकली. उसवली.
नवव्या ओळीपाशी विचारते,
"तुझा तो पिवळा कुत्रा कुठेय?"
"मेला. फेब्रुवारीत."
"अरेरे," म्हणाली ती,
आणि तार अचूक आत गेली.

मीही खेळायचो.
पारानामध्ये, अठ्ठ्याऐंशी साली,
उपांत्य फेरीआधी संडासात बसून राहिलो.
बाहेर माझं नाव तीनदा पुकारलं,
कडी काढायला हात उठला नाही.
समोरचा अंगाला घाम न लागता जिंकला.
हेही तिला सांगितलं नाही.
गाठ मारताना एवढंच म्हणालो,
तार बांधल्या क्षणापासून सैल पडायला लागते,
कुणी न खेळताही, पडल्या पडल्या.
"मग बांधायची कशाला?"
मला उत्तर सुचलं नाही.
"चेंडू येतो ना," म्हटलं.

मॅच बघायला मी जात नाही, कधीच.
पत्र्याच्या खोलीत सगळं ऐकू येतं.
पहिले दोन गेम नुसती घाई,
चेंडू फ्रेमला लागतोय, कळत होतं.
मी माटे ओतला, प्यायलो नाही.
माझेच तळवे ओले.
पंच दोनदा काहीतरी ओरडला.
मग कधीतरी एक ठोका,
भरल्या माठावर बोट वाजवावं तसा.
बराच वेळ काही नाही.
मग अजून एक.

साडेअकराला ती दारात,
मोजे पोटरीपर्यंत लाल.
रॅकेट पुढे केली. तार तुटलेली,
आठवी ओळ, तिचीच.
निकाल विचारणार होतो,
तेवढ्यात ती माझ्या स्टुलावर बसली,
गार झालेला माटे एका दमात संपवला, म्हणाली,
"एम्पानादा उरलीय का रे कालची?
मरणाची भूक लागलीय."