कच्चा दोरा

हडर्सफील्डच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
मिस हॅलोरन निळ्या बॉलपेननं माझं चित्र काढतात.
एक वर्तुळ, त्याभोवती आणखी एक,
आणि दोन्हींना भेदून गेलेली वाकडी वाट,
मध्येच फाटा फुटलेली.
"ह्या तुम्ही, मिसेस कारखानीस."

चोवीस वर्षं बाजारामागच्या गल्लीत
मी लोकांचे कपडे उसवते, शिवते.
घरी मूळव्याध सांगितलंय.
भगंदर हा शब्द मी कुणापाशी उच्चारलेला नाही,
अगदी एखाद्या देवाचं नाव वाटतं तरी.

"सरळ उघडून टाकलं तर बहुधा बरं होतं.
पण तुमची वाट स्नायूत फार वरून जाते.
तो कापला तर वायू धरवणार नाही.
कधी आणखीही काही."
'आणखीही' त्या कागदाकडे बघून म्हणतात.
मला कळतं. मखमल उसवली
की सुईची भोकं राहतात.

मग दुसरं: दोन स्नायूंच्या फटीतून शिरायचं,
वाट दोन्हीकडून बांधायची, मध्ये तोडायची.
नाहीतर आतलंच अस्तर ओढून
तोंडावर ठिगळ.
बरे किती होतात?
"दहातले सहा. कुणी सात सांगेल.
ठिगळाचंही तसंच, थोडं इकडेतिकडे."
आणि डिंक?
"डिंकानं काही बिघडत नाही," त्या हसतात,
"जुळतही फारसं नाही."
एक बुचही असतं, डुकराच्या आतड्याचं.
"तुमची हरकत?"
चातुर्मासात कांदा न खाणारी मी
चक्क विचार करते.

चिपळूणहून दीर म्हणतात, क्षारसूत्र कर.
(त्यांना एका 'मैत्रिणीचं' म्हणून विचारलं होतं.)
चिकात, हळदीत भिजवलेला धागा,
आठवड्याला बदलायचा,
तो कापत जातो, मागून भरत येतं.
मिस हॅलोरन शब्द लिहून घेतात, पुन्हा म्हणायला लावतात.
"सावकाश कापलं तरी
कापलेलंच असतं," म्हणतात. नंतर, "पण चांगली कल्पना आहे."

राहिला तो, सात महिने माझ्यात असलेला
रबरी निळा धागा.
बरं करत नाही. तुंबू देत नाही.
"पुष्कळजण वर्षानुवर्षं ठेवतात. तोही निर्णयच."

आम्ही ह्याला कच्चा दोरा म्हणतो.
मापं ठरेपर्यंत घालायचा, सैल,
ओढला की निघावा असा.
कधी कधी गिऱ्हाईक येतच नाही
आणि झगा वर्षभर तसाच टांगलेला राहतो,
पांढऱ्या टाक्यांसकट.

लग्नांचा मोसम आहे, मी म्हणते.
सप्टेंबरपर्यंत राहू द्या. मग ती गाठ.
ठिगळ नको. का ते मलाही नीट सांगता येत नाही.
त्या कागद घडी करून मला देतात.

बसमध्ये एक मुलगा उठून जागा देतो.
नको, म्हणते. तो पुन्हा म्हणतो.
नको रे बाबा, हे मराठीतच निघतं.
कागद पर्समध्ये. मी दांडा धरून उभी,
तीन स्टॉप, चढ, वळणं,
आणि ती रिकामी खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये.