एलीच्या उत्तरेला, एकशेचाळीस रॉड

इथे वाट रॉडमध्ये मोजतात.
एक रॉड म्हणजे साधारण एका कनूची लांबी.
या तळ्यापासून त्या तळ्यापर्यंत
एकशेचाळीस कनू, एकामागे एक.

वादळात आडवा झालेला पाइन,
कंबरेएवढा. यंत्राला इथे बंदी,
म्हणून दोन मुठींची करवत:
एक टोक व्हर्ना लाह्टीकडे, वय एकाहत्तर,
दुसरं माझ्याकडे.
"ढकलू नकोस," ती म्हणाली, "नुसतं ओढ.
मग सोड. परत नेणं माझं काम."
सोडायला शिकण्यात माझी सकाळ गेली.

डास. राळेचा वास. बुटांत भुसा.

दलदलीवर सीडरच्या फळ्या टाकल्या.
एक जुनी, कुजत आलेली, तिने काढू दिली नाही.
खिळे तिरके होते तिचे.
"ऐनोचा हात," एवढंच बोलली
आणि शेजारी नवी ठोकली.

दुपारी दोन पोरं आली, डोक्यावर कनू;
चेहरे दिसलेच नाहीत, फक्त चार पाय.
फळ्यांवरून गेली
न अडखळता, कोरडी,
कुठल्याशा मॅचबद्दल वाद घालत.

व्हर्ना करवतीला तेल लावत होती.
त्या पायांकडे तिने पाहिलं, बुटांकडे,
मग माझ्याकडे.
"चल," म्हणाली,
"अजून नव्वद कनू आहेत."