करडी रेघ

एल्गोइबारमध्ये देबा नदी
कारखान्यांच्या मागच्या भिंतींना खांदा घासत जाते.
तिसऱ्या शेडमध्ये सकाळी सहापासून
एक पोलादी दांडा गच्च धरून ठेवलेला असतो
आणि त्याच्या तोंडाशी दुसरा, ॲल्युमिनियमचा,
मिनिटाला पंधराशे गिरक्या घेतो.

वितळत काहीच नाही. हे आधीच सांगून ठेवते,
कारण बघायला येणारे सगळे ठिणग्या शोधतात.
इथे आच बाहेरून कुणी आणत नाही,
घासण्यातूनच ती निघते.
मऊ धातू कणकेसारखा होतो
आणि तोंडावरचा मळ, कुणाच्या बोटाचा तेलकटपणा,
हवेनं रात्रीतून धरलेली पातळ साय
सगळं कडेनं बाहेर पडतं,
वळत वळत, एडक्याच्या शिंगासारखं.
मग ब्रेक.
मग एक दणकट रेटा, सहा सेकंद.
मग गप्प.

ब्रेक केव्हा, हे बिशेन्ते कानानं ठरवायचा.
एकतीस वर्षं.
"आवाज भरत जातो, भरत जातो, मग जाड होतो.
जाड झाला की सोड."
टायमर बसवायला आलेल्या पोरांना
त्यानं कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.
मी एकदा म्हणाले, हे लग्नासारखंच की.
"मादालेन, मी दोनदा केलंय लग्न," तो म्हणाला,
"वेळेवर ब्रेक एकदाही लागला नाही."

माझं काम तोडायचं.
पन्नासातला एक दांडा माझ्या शिकंज्यात येतो,
मी घण मारून तो वाकवते.
सांधा नीट असेल तर ॲल्युमिनियम आधी हार मानतं,
सांध्यापासून दोन बोटं दूर,
ओल्या फांदीसारखं पिळवटून, रेषारेषांनी.
फेब्रुवारीत एक दांडा सांध्यावरच गेला.
बशी फुटावी तसा.

कापला, घासला, झिलई दिली,
भिंगाखाली धरला.
दोन धातूंच्या मध्ये एक करडी रेघ असते,
ना ह्याची ना त्याची, दोघांतून झालेली.
एक मायक्रॉन असेल तर धरून ठेवते.
वाढली की काच.
ही पाच होती.
म्हणजे आच जास्त, म्हणजे वेळ जास्त,
अर्धा सेकंद, फार तर पाऊण.

जुने तुकडे काढले. डब्यांवर तारखा होत्या.
ऑगस्ट, एक.
ऑक्टोबर, दीड.
डिसेंबरचे दोन, अडीच आणि तीन.
बिशेन्तेपर्यंत आवाज किती उशिरा पोचतोय
त्याची नोंद धातू ठेवत होता,
कुणी सांगितलं नसताना.

दोन दिवस मी ते कानाआड केलं.
तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याला बोलावलं.
त्यानं हात पुसले, टोपी मागे सारली,
भिंगाला डोळा लावला.
"ही आपली?"
"आपलीच."
"आणि आधीची?"
ऑगस्टचा तुकडा त्यानंच सरकवून घेतला.
मग फेब्रुवारीचा. मग परत ऑगस्टचा.
वर पत्र्यावर गारा ताडताड आपटत होत्या,
मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता.
डोळा न काढता तो म्हणाला,
"आज किती शांत आहे."
मी मान हलवली. त्याला ती दिसली नसणार.

सोमवारी टायमर बसला.
बिशेन्ते अजून यंत्रापाशी उभा राहतो,
पंजा त्याच्या कुशीवर टेकवून,
गाभण गाईला चाचपावं तसा,
आणि ब्रेकच्या आसपास त्याची बोटं जरा उचलतात.
कधी टायमरच्या आधी, कधी नंतर.
ते मी मोजत नाही.

दांडे आता सांध्यावर तुटत नाहीत.
ऑगस्टचा डबा रिकामा आहे.
यादीत त्या ओळीपुढे मी लिहिलंय:
तपासणीसाठी बाहेर.